नदी पेटलेल्या शहराचा महापौर

आपल्याकडे महापौर म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते शाल-श्रीफळ, उद्घाटनाची फीत आणि सभागृहातली उंच पाठीची खुर्ची. मान मोठा, पण शहराचा खरा कारभार चालतो तो आयुक्तांच्या सहीने. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या शहरांत हे गणित उलटे आहे. तिथे महापौराला लोक थेट मत देऊन निवडतात आणि मग पोलीस, अग्निशमन, पाणी, कचरा, रस्ते अशा खात्यांचे प्रमुख तो स्वतः नेमतो. अंदाजपत्रक त्याचे आणि जबाबदारीही त्याची. रस्त्यात खड्डा पडला तरी शिव्या त्यालाच. साहजिकच ही खुर्ची कुणाला मिळते याला तिथे फार महत्त्व असते. आणि १९६७ सालापर्यंत अमेरिकेतल्या एकाही मोठ्या शहराच्या मतदारांनी त्या खुर्चीवर कृष्णवर्णीय माणसाला बसवले नव्हते.

त्या वर्षी ती खुर्ची मिळवली कार्ल स्टोक्स यांनी. शहर होते ओहायो राज्यातले क्लीव्हलँड. आज आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला आठवत नाही. मार्टिन ल्यूथर किंग आठवतात, मुहम्मद अली आठवतात, बराक ओबामा तर घराघरात माहीत आहेत. पण मोर्चाचा रस्ता आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान यांच्या मध्ये एक अवघड पायरी होती. ती पहिल्यांदा चढणाऱ्याची दमछाक कशी झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कार्लचा जन्म २१ जून १९२७चा. वडील चार्ल्स एका लॉन्ड्रीत कामाला होते. कार्ल जेमतेम दोन वर्षांचा असताना ते गेले. मागे उरली तरुण आई लुईझ आणि दोन मुलगे, थोरला लुईस आणि धाकटा कार्ल. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे पोटासाठी उत्तरेच्या कारखानदार शहरांत आली होती, त्यांतलेच हे एक. आई गोऱ्यांच्या घरी केरवारे, धुणीभांडी करायची. मुलांकडे आजी पाहायची. राहते घर पडके. उंदरांनी पोखरलेल्या बिळांवर डब्याचे पत्रे ठोकायचे आणि हिवाळ्यात एकाच बिछान्यात एकमेकांना बिलगून झोपायचे, असे ते दिवस. १९३८ साली सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या आउथवेट वसाहतीत त्यांना जागा मिळाली. घरात नळाला गरम पाणी, स्वतंत्र न्हाणीघर! अकरा वर्षांच्या कार्लला तो राजवाडाच वाटला असणार. सरकारने मनात आणले तर माणसाचे घर बदलू शकते, हा धडा त्याने पुस्तकात वाचला नव्हता, त्या न्हाणीघरात शिकला होता. पुढे सत्तेवर आल्यावर घरबांधणीसाठी त्याने जो हट्ट धरला त्याचे मूळ इथे आहे.

आईचे सांगणे एकच असे. डोक्यात काहीतरी भरून घ्या, म्हणजे माझ्यासारखे हातांनी राबावे लागणार नाही. लुईसने पुढे सांगितले आहे की, एकदा आई आजारी असताना त्याने तिचा हात हातात घेतला. तो तळवा इतका खरखरीत, घट्टे पडलेला होता की ती इतकी वर्षे काय सांगत होती ते त्याला त्या क्षणी कळले.

कार्लला मात्र ते इतक्या लवकर कळले नाही. १९४४ साली त्याने शाळा सोडली. एका कारखान्यात काम केले, क्लबांतून बिलियर्डसारखा पूलचा खेळ पैसे लावून खेळला. अशी मुले पुढे कुठे जातात हे कुठल्याही शहरातल्या गल्लीला ठाऊक असते. अठराव्या वर्षी तो सैन्यात गेला आणि युद्ध संपलेल्या जर्मनीत राहून आला. परतल्यावर ज्या शाळेला पाठ दाखवली होती तिथेच पुन्हा बाकावर जाऊन बसला आणि १९४७ साली शालान्त झाला. मग पुढची दहा वर्षे नोकरी आणि शिक्षण यांची ओढाताण. कधी दारूबंदी खात्यासारख्या सरकारी खात्यात निरीक्षक, कधी न्यायालयाच्या देखरेखीखालील गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा अधिकारी. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठाची पदवी, १९५६ साली क्लीव्हलँडमध्ये कायद्याची पदवी, पुढच्या वर्षी सनद. दोघे भाऊ वकील झाले. आईचे हात फुकट गेले नाहीत.

या धडपडीत एक नोकरी अशी होती की तिच्याकडे चरित्रकारही धावते पाहून पुढे जातात. जॉन हॉली नावाच्या कृष्णवर्णीय पुढाऱ्याची गाडी कार्ल चालवायचा. हॉली यांची चळवळ साधी होती. ज्या दुकानात आपल्या माणसाला नोकरी देत नाहीत, तिथे आपला पैसा खर्च करायचा नाही. गाडी चालवता चालवता कार्लने सभा पाहिल्या, सौदे ऐकले. भाषणाला टाळ्या मिळतात; पण मतांची मोजणी आणि पैशांची मोजणी यांना समोरचा माणूस घाबरतो, हे त्याने स्टीअरिंगमागे बसून टिपले. मला वाटते, कायद्याच्या पदवीइतकीच ही ड्रायव्हरकी त्याच्या कामी आली.

आता थोडे शहराविषयी. क्लीव्हलँड वसले आहे ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर. सरोवरातून बोटींनी लोहखनिज यायचे, रेल्वेने कोळसा यायचा आणि कायाहोगा नावाच्या वाकड्यातिकड्या नदीच्या काठी पोलाद व्हायचे. रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० साली याच गावात जन्मली. १९६०च्या शिरगणतीत हे अमेरिकेतले आठव्या क्रमांकाचे शहर होते. लोकसंख्या पावणेनऊ लाख. पोलिश, हंगेरियन, स्लोव्हेनियन, इटालियन अशा युरोपीय कामगारांचे मोहल्ले, प्रत्येकाचे चर्च वेगळे आणि बेकरीही वेगळी. नदीच्या पश्चिमेला बहुतेक सगळे गोरे, पूर्वेला दाटीवाटीने कृष्णवर्णीय. गोरे लोक हळूहळू शहर सोडून उपनगरांत चालले होते, कारखाने गचके खाऊ लागले होते आणि पूर्वेकडच्या जुन्या घरांत एका कुटुंबाच्या जागी तीन-तीन कुटुंबे कोंबली जात होती.

जुलै १९६६मध्ये या कोंडमाऱ्याचा स्फोट झाला. हफ नावाच्या वस्तीतल्या एका दारूच्या गुत्त्यात गिऱ्हाइकाने पेलाभर पाणी मागितले. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक, मालकाने पाणी नाकारले. पाण्यावरून माणसाचे माणूसपण नाकारले जाते म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. त्या रात्रीपासून हफ जवळजवळ आठवडाभर जळत होते. सैन्य बोलवावे लागले. चार माणसे मेली, चारही कृष्णवर्णीय.

याच्या आदल्याच वर्षी, १९६५ साली, स्टोक्स यांनी महापौरपदासाठी पहिला प्रयत्न केला होता. १९६२ पासून ते ओहायोच्या विधानसभेत होते. अपक्ष म्हणून उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. हफच्या दंगलीनंतर मात्र वारे फिरले. बड्या उद्योगपतींनी, वर्तमानपत्रांनी आजवर ज्याच्याकडे कुतूहलाने पाहिले त्याच्याकडे आता गरजेने पाहायला सुरुवात केली. तत्कालीन महापौर राल्फ लोचर सज्जन होते, पण हतबल. केंद्र सरकारने क्लीव्हलँडचा नागरी पुनर्बांधणीचा निधीसुद्धा रोखून धरला होता. देखणा, हसतमुख, बोलण्यात तरबेज असा हा चाळिशीचा कृष्णवर्णीय वकील महापौर झाला तर निदान शहर पेटणार नाही, असा हिशेब व्यापारी मंडळींनी केला. स्पष्टच सांगायचे तर स्टोक्स त्यांच्या लेखी आगीच्या विम्याची पॉलिसी होते. आणि पूर्वेकडच्या वस्तीतल्या लोकांच्या लेखी? त्यांच्या लेखी तो तीनशे वर्षे बंद असलेल्या दाराची किल्ली होता. एकच माणूस, दोन अपेक्षा. पुढे जे घडले ते या दोन अपेक्षांच्या ओढाताणीतून.

१९६७च्या उन्हाळ्यात मार्टिन ल्यूथर किंग मतदार नोंदणीसाठी क्लीव्हलँडला आले. स्टोक्स यांना खरे तर ते नको होते. किंग यांच्या येण्याने गोरे मतदार बिथरतील ही भीती. तसे त्यांनी किंग यांना सांगितलेही. किंग आले, पण जपून वागले. वस्तीवस्तीत फिरून नावे नोंदवून घेतली. ऑक्टोबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत स्टोक्स यांनी लोचर यांना मागे टाकले. आता एरवी क्लीव्हलँडमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की महापौरपद खिशातच. या वेळी मात्र गोऱ्या डेमोक्रॅटिक मतदारांना एकाएकी रिपब्लिकन उमेदवारात गुण दिसू लागले.

तो उमेदवारही ऐसागैरा नव्हता. सेथ टाफ्ट, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांचा सख्खा नातू. निवडणुकीसाठी उपनगरातले घर सोडून शहरात राहायला आलेला. गुलामाचा पणतू विरुद्ध राष्ट्राध्यक्षांचा नातू, अशी लढत देशभरच्या वर्तमानपत्रांना आयती मिळाली. दोघांचे जाहीर वादविवाद झाले. पहिल्यात स्टोक्स सरस ठरले. दुसरा वादविवाद पश्चिमेच्या गोऱ्या भागातल्या एका शाळेत होता. तिथे स्टोक्स बोलून गेले की टाफ्ट जिंकलेच तर केवळ कातडी गोरी म्हणून जिंकतील. श्रोत्यांनी हुर्यो उडवली. म्हणणे खोटे नव्हते. पण जे सगळ्यांना माहीत असते तेच मोठ्याने म्हटले की सभ्य माणसांना राग येतो. त्या एका वाक्याने त्यांची आघाडी झरझर खाली आली.

७ नोव्हेंबर १९६७. मतमोजणीत रात्री उशिरापर्यंत टाफ्ट पुढे होते. मग पूर्वेकडच्या प्रभागांचे आकडे यायला लागले. शेवटी स्टोक्स यांना १,२९,३९६ आणि टाफ्ट यांना १,२७,७१७ मते. फरक १,६७९. कृष्णवर्णीय मते जवळपास सगळी एका बाजूला पडली होती. पण तेवढ्याने भागणारे नव्हते. कारण शहरात ते चाळीस टक्क्यांहूनही कमी होते. दर पाच-सहा गोऱ्या मतदारांत एकाने रंग बाजूला ठेवला म्हणून हे घडले. त्याच दिवशी इंडियाना राज्यातल्या गॅरी या लहान शहरातही रिचर्ड हॅचर हे कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. दाराची फट दोन ठिकाणी उघडली होती.

त्या रात्रीचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. किंग त्या वेळी क्लीव्हलँडमध्येच होते. हॉटेलच्या खोलीत बसून विजयसभेच्या व्यासपीठावर येण्याचा निरोप कधी येतो याची वाट पाहत होते. निरोप आला नाही. ज्यांनी मतदार गोळा केले त्यांनाच व्यासपीठावर जागा नव्हती, कारण समोरच्या कॅमेऱ्यातून गोरे क्लीव्हलँडही पाहत होते. स्टोक्स यांचा राजकीय हिशेब समजतो. पण ती हॉटेलची खोली मनातून जात नाही.

कारभाराची सुरुवात झकास झाली. केंद्राने अडवलेला निधी मोकळा झाला. शहराच्या कचेऱ्यांत, खात्यांच्या प्रमुखपदी, कृष्णवर्णीय चेहरे दिसू लागले. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात किंग यांची हत्या झाली. वॉशिंग्टन, शिकागो, बाल्टिमोर पेटले. क्लीव्हलँड पेटले नाही. स्टोक्स स्वतः रात्री वस्तीवस्तीतून पायी फिरत होते, तरुणांच्या टोळक्यांशी बोलत होते. विमा घेणाऱ्यांना आपला हप्ता वसूल झाल्यासारखे वाटले. लगेच मे महिन्यात स्टोक्स यांनी ‘क्लीव्हलँड नाऊ’ ही मोठी योजना जाहीर केली. घरे, नोकऱ्या, दवाखाने, पाळणाघरे यांसाठी केंद्राचा पैसा आणि त्याच्या जोडीला शहरातल्या उद्योगांच्या, सामान्य नागरिकांच्या देणग्या. गोरे कारखानदार चेक लिहीत होते. आता सगळे सुरळीत होणार असे वाटत होते, आणि ते वाटणे टिकले अडीच महिने.

२३ जुलै १९६८च्या संध्याकाळी पूर्वेकडच्या ग्लेनव्हिल वस्तीत अहमद इव्हान्स नावाच्या उग्र कृष्णवर्णीय पुढाऱ्याचे साथीदार आणि पोलीस यांच्यात गोळीबार झाला. पहिली गोळी कुणी झाडली यावर वाद राहिला, पण तासाभरात सात माणसे पडली. तीन पोलीस, चार कृष्णवर्णीय. वस्तीत लुटालूट, जाळपोळ सुरू झाली. पोलीस दलात बहुतेक सगळे गोरे, आणि त्यांचे तीन साथीदार नुकतेच मेलेले. रात्री हे बंदूकधारी लोक त्या वस्तीत मोकळे सोडले तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसऱ्या दिवशी स्टोक्स यांनी वस्तीतल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बोलावले, त्यांचे ऐकले आणि एक निर्णय घेतला. अमेरिकेत तोवर कुठल्या महापौराने तसा घेतला नसेल. त्या रात्री ग्लेनव्हिलमध्ये एकही गोरा पोलीस जाणार नाही. सैन्यही बाहेरच्या कडेला थांबेल. आत फक्त कृष्णवर्णीय पोलीस आणि वस्तीतलेच स्वयंसेवक गस्त घालतील. दुकाने फुटली, माल गेला. पण त्या रात्री एकही माणूस मेला नाही.

हा निर्णय बरोबर की चूक, यावर क्लीव्हलँडमध्ये पुढे कित्येक वर्षे भांडणे झाली. माझे मत विचाराल तर फुटलेल्या दुकानांची भरपाई होते. दुसरी गोष्ट भरून येत नाही. पण पोलिसांना तो विश्वासघात वाटला. पोलिसांच्या वायरलेसवर त्या रात्री स्वतःच्या महापौराला जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या, त्या ध्वनिमुद्रित आहेत. त्यातच काही दिवसांनी उघड झाले की ‘क्लीव्हलँड नाऊ’च्या निधीतले काही हजार डॉलर युवक कार्याच्या नावाखाली अहमद इव्हान्सच्या हाती पोहोचले होते आणि त्यांतून बंदुका घेतल्या गेल्या. झाले! देणग्या आटल्या. चेक लिहिणारे हात मागे गेले. विम्याची पॉलिसी खोटी निघाली, असा गोऱ्या व्यापाऱ्यांचा समज झाला. पोलीस खाते तर कायमचे विरोधात गेले. इव्हान्सला आधी मृत्युदंड झाला, नंतर तो जन्मठेपेवर आला आणि १९७८ साली तो तुरुंगात मरण पावला.

क्लीव्हलँडच्या महापौराची मुदत त्या काळी फक्त दोन वर्षांची होती. म्हणजे घडी बसेपर्यंत पुन्हा निवडणूक दारात. १९६९ साली स्टोक्स दुसऱ्यांदा उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले, पण चार हजारांहूनही कमी मतांनी. त्याच वर्षीच्या जूनमध्ये एक छोटी घटना घडली होती. तिच्याकडे शहराने ढुंकूनही पाहिले नाही, आणि जगाला मात्र क्लीव्हलँड आठवते ते तिच्यामुळे.

कायाहोगा नदी पेटली.

पाणी पेटते का, असे एखादे नातवंड विचारील. पाणी नाही पेटत. पाण्यावर तरंगणारे तेल, ग्रीस, लाकडाचा कचरा आणि कारखान्यांची घाण पेटते. २२ जून १९६९, रविवार, दुपारची वेळ. पोलाद कारखान्याजवळच्या रेल्वे पुलाखाली तेलाच्या तवंगाने पेट घेतला. अर्ध्या तासात आग विझली. दोन पुलांचे सुमारे ५० हजार डॉलरचे नुकसान झाले. इतक्या झटपट विझली की जळत्या नदीचा फोटोही कुणी काढू शकले नाही. पुढे ‘टाइम’ साप्ताहिकाने जो गाजलेला फोटो छापला तो १९५२ सालच्या आगीचा होता! होय, ही नदी शंभर वर्षांत किमान डझनभर वेळा पेटली होती. १९५२ची आग तर कितीतरी मोठी होती. लोकांना सवय झाली होती. नदी पेटते म्हणजे कारखाने चालू आहेत आणि चूल पेटते आहे, असा तो हिशेब होता.

सवय झाली नव्हती ती स्टोक्स यांना. दुसऱ्याच दिवशी ते पत्रकारांना घेऊन नदीकाठी गेले. जळका पूल दाखवला, कारखान्यांची घाण नदीत ओतणारी तोंडे दाखवली, फुटलेल्या गटारांचे सांडपाणी दाखवले. आणि म्हणाले की कारखान्यांना घाण सोडण्याचे परवाने राज्य सरकार देते. शहराला त्यांना हात लावण्याचा अधिकार नाही. बोलण्याला आधार होता. आदल्याच वर्षी क्लीव्हलँडच्या मतदारांनी नदी आणि सरोवर स्वच्छ करण्यासाठी १० कोटी डॉलरचे कर्ज उभारायला मंजुरी दिली होती. शहर आपला वाटा उचलत होते. वरचे हात बांधून बसले होते. स्टोक्स यांनी अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली. तोवर थोरला भाऊ लुईस काँग्रेसमध्ये निवडून गेलेला होता; तोही त्यासाठी झटला. १९७० साली केंद्रात पर्यावरण संरक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले, १९७२ साली स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. एकट्या स्टोक्स यांच्यामुळे हे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण पेटत्या नदीचे नाव त्या चर्चेत सतत घेतले जात होते. आणि त्यांची दृष्टी वेगळी होती. त्यांच्या लेखी घाणेरडी नदी, उंदरांचे घर आणि कामावरून काढलेला माणूस हे तीन वेगळे प्रश्न नव्हते. पर्यावरण हा सुखवस्तू माणसांचा छंद नव्हे, हे त्यांना आउथवेटपूर्वीच्या त्या पडक्या घरात कळले होते. २०१९ साली, त्या आगीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, याच नदीतले मासे खायला हरकत नाही असे सरकारने जाहीर केले.

घरांचे काय झाले? स्टोक्स यांच्या काळात पाच हजारांहून अधिक सरकारी घरे उभी राहिली. शहराच्या मानाने मोठेच काम. पण या कामात त्यांना सर्वांत जिव्हारी लागलेला फटका गोऱ्यांकडून बसला नाही. ली-सेव्हिल नावाच्या भागात गरिबांसाठी काही शे घरे बांधायचे त्यांनी ठरवले. तो भाग कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा होता. कष्टाने स्वतःचे बंगले बांधलेले शिक्षक, पोस्टातले कर्मचारी, छोटे व्यावसायिक. त्यांनी कडाडून विरोध केला. आमच्या शेजारी झोपडपट्टीतली माणसे नकोत, शाळांवर ताण येईल, घरांच्या किमती पडतील. तीच कारणे, जी गोऱ्या मोहल्ल्यांत ऐकू येत. नगरसभेचे अध्यक्ष जेम्स स्टँटन स्टोक्स यांचे कट्टर विरोधक. त्यांनी ही संधी साधली आणि योजना बारगळली. वर चढलेल्या माणसाने शिडी ओढून घ्यावी, ही गोष्ट कुठल्याच समाजाला नवी नाही. स्टोक्स मात्र ती शेवटपर्यंत विसरले नाहीत.

पोलीस खाते सुधारण्यासाठी १९७० साली त्यांनी एक नामी नेमणूक केली. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिकांच्या तुकडीचे नेतृत्व केलेले निवृत्त हवाई दल अधिकारी जनरल बेंजामिन डेव्हिस यांना शहराच्या सुरक्षा खात्याचे प्रमुख केले. कृष्णवर्णीय, आणि वर सेनापती. आता पोलीस काय बोलतील? काही महिन्यांतच उमगले की जनरल साहेबांचे सूत महापौरांपेक्षा पोलिसांशीच अधिक जुळते आहे. शरीरात शिरून फुटणाऱ्या हजारो गोळ्यांची मागणी त्यांनी नोंदवली, तेव्हा दोघांत कायमचे बिनसले. जुलैमध्ये डेव्हिस यांनी राजीनामा दिला आणि महापौर कायद्याच्या अंमलबजावणीच्या शत्रूंना पाठीशी घालतात असा आरोपही केला. कातडीचा रंग एक म्हणून मन एक असेल, हा समज गोऱ्यांनी करून घेतला तर ते अडाणी; पण तो इथे स्टोक्स यांनीच करून घेतला होता.

करवाढ मतदारांनी फेटाळली. नगरसभेत रोज खडाजंगी. एप्रिल १९७१मध्ये त्यांनी जाहीर केले की आपण तिसऱ्यांदा उभे राहणार नाही. तेव्हा ते चव्वेचाळिशीचेही नव्हते. जाता जाता त्यांनी राजकीय डावपेचही करून पाहिले. आधी पक्षांतर्गत निवडणुकीत आपली मते एका गोऱ्या उमेदवाराच्या पारड्यात टाकून त्याला जिंकवले आणि मग मुख्य निवडणुकीत अर्नोल्ड पिंक्नी या आपल्या कृष्णवर्णीय अपक्ष सहकाऱ्याला पाठिंबा दिला. हुशारी अंगाशी आली. मते फाटली आणि ज्या राल्फ पर्क यांना त्यांनी १९६९ साली हरवले होते तेच रिपब्लिकन गृहस्थ महापौर झाले. पुढचा कृष्णवर्णीय महापौर निवडायला क्लीव्हलँडला १९८९ साल उजाडावे लागले.

नंतरचे आयुष्य स्टोक्स यांनी वेगळ्याच वाटांनी काढले. न्यूयॉर्कला जाऊन दूरचित्रवाणीवर बातम्या देऊ लागले. त्या शहरात संध्याकाळच्या बातम्यांच्या खुर्चीवर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय वृत्तनिवेदक. १९८० साली क्लीव्हलँडला परतले, कामगार संघटनेची वकिली केली. १९८३ पासून शहराच्या न्यायालयात न्यायाधीश. भाडेकरूंचे तंटे, किरकोळ चोऱ्या, रस्त्यावरची भांडणे असे खटले. एकेकाळी ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकलेला माणूस हे काम अकरा वर्षे करत होता. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना आपल्या हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर राजदूत म्हणून पाठवले. तिथे असतानाच अन्ननलिकेच्या कर्करोगाने गाठले. ३ एप्रिल १९९६ रोजी क्लीव्हलँडमध्येच त्यांचे निधन झाले. थोरल्या लुईसने मात्र काँग्रेसची जागा तीस वर्षे सांभाळली आणि किंग व केनेडी यांच्या हत्यांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही भूषवले. धाकटा पेटायचा, थोरला तेवत राहायचा, असा त्या दोघांत फरक होता.

स्टोक्स यांच्या मागोमाग दारे उघडत गेली. १९७० साली नेवार्क, १९७३ साली लॉस एंजेलिस, अटलांटा आणि डेट्रॉइट, १९८३ साली शिकागो, १९८९ साली न्यूयॉर्क. या शहरांत निवडून आलेल्या बहुतेक महापौरांच्या हाती शहरे आली ती कारखाने बंद पडत असताना, गोरे करदाते उपनगरांत निघून गेल्यावर आणि तिजोरी रिकामी झाल्यावर. १९५० साली नऊ लाखांवर असलेले क्लीव्हलँड २०२०च्या शिरगणतीत पावणेचार लाखांवर आले होते.

२००२ साली क्लीव्हलँडमध्ये केंद्रीय न्यायालयाची नवी उंच इमारत उघडली. तिला कार्ल स्टोक्स यांचे नाव दिले आहे. ती उभी आहे कायाहोगाच्या काठावर, आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून खालून जाणारी नदी आणि तिच्यावरचे पूल दिसतात.